वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूची सरासरी चाल: उत्तर ५ की शून्य?

भिंगरी
नमस्कार मंडळी. घरात दोन दिवस अबोला आहे आणि कारण आहे भौतिकशास्त्र. लेकीच्या सरावपुस्तकातलं गणित असं:

एक वस्तू ३५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाकार मार्गावर एकसारखी फिरते. एक फेरी ४४ सेकंदांत होते. (अ) एका फेरीतली सरासरी चाल किती? (आ) ११० सेकंदांतली किती?

लेकीनं (अ) चं उत्तर ५ मीटर प्रति सेकंद काढलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शून्य छापलंय. मी पुस्तकाची बाजू घेतली, कारण मला शाळेतलं अंधुक आठवत होतं की वर्तुळात फिरून जागेवर आलं की काहीतरी शून्य होतं. त्यावर ती म्हणाली, "मग ती वस्तू ४४ सेकंद झोपली होती का?" आणि दार आपटून गेली. कोण बरोबर? कृपया मला समजेल अशा भाषेत सांगा, आणि जमल्यास मी बरोबर आहे असं सांगा.

तिरकस
लेक बरोबर. अबोला सोडा.

जुना मास्तर
भिंगरीताई, तुम्हाला आठवतंय ते "काहीतरी" म्हणजे विस्थापन. चाल नव्हे.

असं समजा, त्या वस्तूला दोऱ्याचं रीळ बांधलंय आणि ती जाईल तसा दोरा वाटेवर पडत जातो. फेरी संपल्यावर सगळा दोरा गोळा करून मोजला तर भरेल २ × २२/७ × ३५ म्हणजे २२० मीटर. हे झालं कापलेलं अंतर. आता दुसरा दोरा घ्या आणि निघाली ती जागा ते पोहोचली ती जागा असा सरळ ताणून धरा. दोन्ही जागा एकच, म्हणून दोऱ्याची लांबी शून्य. हे झालं विस्थापन.

पडलेल्या दोऱ्याला वेळेनं भागलं की सरासरी चाल: २२० ÷ ४४ = ५ मीटर प्रति सेकंद. ताणलेल्या दोऱ्याला भागलं की सरासरी वेग: ० ÷ ४४ = ०. प्रश्नात चाल विचारली असेल तर ५ शिवाय दुसरं उत्तर नाही.

(आ) मध्ये ११० सेकंद म्हणजे अडीच फेऱ्या. पडलेला दोरा ५५० मीटर, म्हणून चाल पुन्हा ५. ताणलेला दोरा मात्र व्यासाइतका, ७० मीटर. ७० ÷ ११०, म्हणजे सरासरी वेग साधारण ०.६४ मीटर प्रति सेकंद. त्याची दिशाही सांगावी लागेल: सुरुवातीच्या बिंदूपासून समोरच्या बिंदूकडे.

एकसारखी फिरणारी वस्तू असेल तर सूत्र एवढंच: २ × पाय (म्हणजे π, तेच २२/७) × त्रिज्या ÷ एका फेरीचा वेळ. मिनिटाला किती फेऱ्या हे दिलं असेल तर फेऱ्यांना परिघानं गुणा आणि ६० नं भागा. छताच्या पंख्याचं पातं मध्यापासून टोकापर्यंत ६० सेंटीमीटर आणि मिनिटाला ३०० फेरे असतील, तर टोकाची चाल जवळपास १८.८ मीटर प्रति सेकंद येते. ३.६ नं गुणा, ताशी ६८ किलोमीटर. डोक्यावर एवढं काही पळतंय हे लक्षातच येत नाही.

एक शंका
मास्तर, तुमचा आदर राखून सांगतो, मला हे पटत नाही. पुस्तकात स्पष्ट असतं की वेगाला परिमाण आणि दिशा असते, आणि त्यातलं परिमाण म्हणजे चाल. मग सरासरी वेगाचं परिमाण म्हणजे सरासरी चाल व्हायला हवी. शून्याचं परिमाण शून्यच. म्हणजे छापलेलं उत्तर बरोबर.

तिरकस
आता हा धागा शंभरी गाठणार. रुमाल टाकून ठेवतो.

जुना मास्तर
शंकाराव, तुमची शंका फालतू नाही. वर्गात दर वर्षी एक तरी हुशार पोर नेमकं हेच विचारायचं.

वेगाचं परिमाण म्हणजे चाल हे एका क्षणापुरतं खरं आहे. सरासरी घेताना घोळ क्रमाचा होतो. चालीच्या बाबतीत आपण दर क्षणी दिशा आधी टाकून देतो आणि उरलेल्या आकड्यांची सरासरी घेतो. वेगाच्या बाबतीत दिशेसकट सरासरी घेतो आणि मग परिमाण पाहतो. वर्तुळावर प्रत्येक बिंदूच्या अगदी समोरच्या बिंदूवर वेग नेमका उलट दिशेचा असतो. दिशा धरून बेरीज केली की दोघे एकमेकांना खातात, आधी दिशा काढली तर कोणीच कोणाला खात नाही. सरळ एकाच दिशेनं जाणाऱ्या वस्तूला हा फरक जाणवत नाही, म्हणून आपली समजूत होते की दोन्ही एकच.

फरक किती पडतो ते पाहा. सरासरी वेगाच्या परिमाणाला सरासरी चालीनं भागलं, म्हणजे जीवेला (ताणलेला दोरा) कंसानं (पडलेला दोरा) भागलं, की:

६० अंश फिरल्यावर ०.९५५
९० अंश, ०.९००
१८० अंश, ०.६३७
२७० अंश, ०.३००
३६० अंश, ०

साधारण नियम हवा असेल तर: फिरलेल्या कोनाचा अर्धा घ्या, त्याच्या साइनला त्याच अर्ध्या कोनानं भागा. कोन रेडियनमध्येच हवा (१८० अंश म्हणजे पाय रेडियन, साधारण ३.१४). अंश घातलेत तर भलतंच उत्तर येईल, ही चूक मी स्वतः फळ्यावर केलेली आहे.

एक शंका
म्हणजे कोन लहान लहान करत गेलो तर गुणोत्तर १ कडे जातं? एक अंशाला करून पाहिलं, ०.९९९९८७ आलं. मग पुस्तकातलं वाक्य त्या लहान होत जाणाऱ्या कोनाबद्दल आहे तर. ठीक, (अ) पुरता मी माघार घेतो. पण मग पूर्ण फेरीला शून्य येणारी ही राशी शिकवायची कशाला? कोणाच्या काय उपयोगाची?

पायपीट
उपयोग मी सांगतो, कारण माझं त्यात नुकसान झालंय.

मी एका लहानशा गोल मैदानाला पळत फेऱ्या मारायचो, त्रिज्या जेमतेम १० मीटर. मनगटावर जीपीएसचं घड्याळ. बॅटरी वाचवायचा पर्याय चालू केला आणि त्या दिवसापासून माझी चाल धाडकन घसरली. दम तेवढाच, घाम तेवढाच, आकडा मात्र म्हाताऱ्याचा. आठवडाभर वाटत होतं मीच थकलोय. शेवटी कारण कळलं. घड्याळ दर सेकंदाला जागा टिपायचं सोडून बऱ्याच अंतरानं टिपत होतं आणि मधले ठिपके सरळ रेषेनं जोडत होतं. म्हणजे मास्तरांचा ताणलेला दोरा!

मास्तरांच्या सूत्रानं आत्ता हिशेब केला. १० मीटर त्रिज्या, खरी चाल ५ मीटर प्रति सेकंद. दर सेकंदाला ठिपका घेतला तर ५ मीटरच्या कंसाऐवजी ४.९५ मीटरची जीवा मोजली जाते, चूक एक टक्का. दर ५ सेकंदांनी घेतला तर २५ मीटरच्या जागी १९ मीटर. घड्याळ म्हणणार ३.८. आणि १२.६ सेकंदांनी घेतला तर बरोब्बर एक फेरी झालेली असणार, घड्याळ म्हणणार साहेब उभे आहेत.

तिरकस
म्हणजे भिंगरीताईंचं पुस्तक बॅटरी वाचवत होतं.

जुना मास्तर
पायपीट, फार छान उदाहरण. पळणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर जरा आडवळण घेतो. अंतर कुठून मोजायचं हाही प्रश्न असतो. प्रमाण ४०० मीटरच्या धावपट्टीला ८४.३९ मीटरच्या दोन सरळ बाजू आणि ३६.५ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं असतात. नुसत्या ३६.५ नं हिशेब केला तर ४०० भरत नाहीत, दोनेक मीटर कमी पडतात. कारण पहिल्या लेनचं अंतर आतल्या कठड्यापासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजतात, धावणारा कठड्याला घासून पळत नाही म्हणून. ३६.८ घ्या, बरोबर ४०० येतील. दुसऱ्या लेनला एका फेरीत ७.०४ मीटर जास्त पडतात, म्हणून तिथल्या धावपटूला तेवढं पुढे उभं करतात. तेव्हा त्रिज्या लिहिण्याआधी ती नेमकी कुठपर्यंतची हे बघा.

खटपट्या
त्रिज्येवरून आठवलं, मी काल हा धागा वाचून लगेच प्रयोग केला. पेनाच्या रिकाम्या नळीतून दोरी ओवली, टोकाला खोडरबर बांधला, नळीपासून रबरापर्यंत दोरी ७० सेंटीमीटर ठेवली आणि डोक्यावर गरगर फिरवली. २० फेऱ्यांना १४ सेकंद. २ × ३.१४१६ × ०.७ × २० ÷ १४ = ६.२८ मीटर प्रति सेकंद.

करून बघणाऱ्यांना एक सूचना: एकच फेरी मोजू नका. एक फेरी ०.७ सेकंदात होते. बटण दाबताना बोट ०.२ सेकंद चुकलं तर पाव भागाहून मोठी चूक. २० फेऱ्यांत तेच ०.२ दीड टक्क्याच्या आत येतं. आणि पहिली फेरी मोजायला लागताना "शून्य" म्हणा. मी पहिल्या खेपेला "एक" पासून सुरुवात केली आणि १९ फेऱ्यांना २० समजून बसलो होतो.

तिरकस
खटपट्या, ६.२८ चूक आहे.

खटपट्या
कॅल्क्युलेटर खोटं बोलतो का?

तिरकस
कॅल्क्युलेटर नाही, दोरी. फिरताना दोरी पूर्ण आडवी राहूच शकत नाही. रबराचं वजन पेलायला दोरीनं त्याला थोडं तरी वर ओढायला हवं, म्हणजे रबर नळीच्या तोंडापेक्षा खाली लोंबत फिरणार. म्हणून वर्तुळाची त्रिज्या दोरीपेक्षा लहान. बाजूनं फोटो काढ आणि रबर किती खाली आहे ते मोज.

खटपट्या
मोजलं. भावाला समोर बसवून व्हिडिओ घेतला, मागे भिंतीवर पट्टी चिकटवली होती. रबर साधारण १२ सेंटीमीटर खाली. पायथागोरस लावला: ७० चा वर्ग वजा १२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६९ च्या आसपास. म्हणजे खरी त्रिज्या ६९ सेंटीमीटर आणि चाल ६.१९. फरक दीड टक्का. हळू फिरवली तर रबर आणखी खाली येतो आणि फरक वाढतो, तेही पाहिलं. दंडवत घ्या.

अर्धीफेरी
पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. सगळी उदाहरणं एकसारख्या चालीची आहेत. वस्तू अर्धं वर्तुळ ४ मीटर प्रति सेकंदानं आणि उरलेलं अर्धं ६ नं गेली, तर सरासरी ५ ना?

एक शंका
४.८. मी एकदा तोंडघशी पडलोय, म्हणून या वेळी कागदावर करून आलोय. भिंगरीताईंचंच वर्तुळ घ्या. पहिले ११० मीटर ४ नं, २७.५ सेकंद. पुढचे ११० मीटर ६ नं, १८.३३ सेकंद. २२० ÷ ४५.८३ = ४.८. हळू चालताना जास्त वेळ जातो, म्हणून त्या ४ चं वजन जास्त पडतं. अर्धा वेळ ४ आणि अर्धा वेळ ६ असं असतं तरच ५ आलं असतं.

जुना मास्तर
शाबास. आता त्याच वर्तुळावर पहिली फेरी ५ नं झाली. दोन्ही फेऱ्यांची मिळून सरासरी १० हवी, तर दुसरी किती नं मारायची?

अर्धीफेरी
१५!

एक शंका
थांबा, उत्तर देऊ नका. ४४० मीटर, सरासरी १०, म्हणजे एकूण ४४ सेकंद. पहिल्या फेरीतच ४४ संपले! दुसऱ्या फेरीला वेळच उरत नाही. कितीही पळा, १० होणार नाही.

अर्धीफेरी
हे वाचून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसलो.

पायपीट
वेळेवरून आणखी एक. पृथ्वीवर विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाची चाल काढताना मी ४०,०७५ किलोमीटर भागिले २४ तास केलं, सेकंदाला ४६४ मीटर आलं. एका ठिकाणी ४६५ वाचलं होतं. एवढासा फरक कुठून आला?

जुना मास्तर
२४ तास म्हणजे सूर्य पुन्हा तिथेच दिसायला लागणारा वेळ. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी सरकलेली असते, म्हणून ती एका फेरीपेक्षा जरा जास्तच वळलेली असते. ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत होते, म्हणजे ८६,१६४ सेकंद. त्यानं भागा, ४६५ येईल. फेरी कशाच्या संदर्भात पूर्ण झाली हे ठरवल्याशिवाय फेरीचा वेळ सांगता येत नाही. भूस्थिर उपग्रहालाही, म्हणजे पृथ्वीवरून कायम एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहालाही, हाच ८६,१६४ चा आकडा वापरतात: त्रिज्या ४२,१६४ किलोमीटर, चाल सेकंदाला ३.०७ किलोमीटर.

भिंगरी
मंडळी, सगळं वाचलं, निम्मं समजलं. अबोला संपलाय, मी रीतसर माफी मागितली. पण एक कबुली द्यायची आहे. मी गणित आठवणीतून टाइप केलं होतं. आज पुस्तक उघडून पाहिलं तर तिथे "सरासरी चाल" नाही, "सरासरी गती काढा" असं छापलंय! म्हणजे पुन्हा मीच बरोबर की काय? आणि (आ) चं उत्तर त्यांनी ५ दिलंय.

तिरकस
भिंगरीताई, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर खटपट्याचा भाऊ वाचला असता.

जुना मास्तर
आता खरी गंमत कळली. आपल्या शास्त्राच्या भाषेत तीन शब्द तीन कामं करतात. गती म्हणजे हालचाल, जशी न्यूटनच्या गतीविषयक नियमांतली. ती मोजायची राशीच नाही. चाल म्हणजे अंतर भागिले वेळ. वेग म्हणजे विस्थापन भागिले वेळ. "सरासरी गती काढा" हा प्रश्न म्हणजे "सरासरी हवामान काढा" म्हणण्यासारखा आहे. काढणाऱ्यानं काय काढायचं?

आणि उत्तरंही आपापसांत जुळत नाहीत. गती म्हणजे वेग धरला तर (अ) शून्य, पण मग (आ) ०.६४ हवं. गती म्हणजे चाल धरली तर दोन्हीकडे ५. शून्य आणि ५ ही जोडी कुठल्याच अर्थानं लागत नाही. मला वाटतं (अ) मध्ये फेरी पूर्ण झाली म्हणून कोणी सवयीनं शून्य लिहिलं आणि (आ) ला सूत्र लावलं. ताई, तुम्ही बरोबर नाही, पुस्तकही नाही.

एक शंका
पण बोलताना आपण सगळ्यालाच वेग म्हणतो. वाऱ्याचा वेग, प्रकाशाचा वेग, वेगमर्यादा. रस्त्यावरची पाटी शास्त्राप्रमाणे चालमर्यादा असायला हवी.

तिरकस
नको. वेगमर्यादाच राहू द्या. पकडला गेलो तर सांगता येईल, साहेब, घरून निघालो, घरीच परत चाललोय, सरासरी वेग शून्य.

खटपट्या
धागा थंडावण्याआधी माझं एक. सायकलच्या चाकाच्या कडेला चिकटवलेला ठिपका. सायकल ५ मीटर प्रति सेकंदानं सरळ चाललीय. ठिपक्याची जमिनीच्या संदर्भात सरासरी चाल किती? मी ५ म्हणालो, घरात हरलो.

जुना मास्तर
हराल नाहीतर काय. आसावर बसून पाहिलं तर ठिपका वर्तुळात फिरतो आणि त्याची चाल ५ च. जमिनीवरून पाहिलं तर तो कमानी काढत जातो. जमिनीला टेकताना क्षणभर थांबलेला, सर्वांत वर असताना १० नं पळणारा. एका कमानीची लांबी त्रिज्येच्या ८ पट असते, हे इंग्लंडचे वास्तुविशारद आणि गणिती क्रिस्टोफर रेन यांनी १६५८ मध्ये दाखवलं. तेवढ्यात सायकल पुढे जाते २ × पाय × त्रिज्या, म्हणजे ६.२८ पट. ८ ला ६.२८ नं भागा, १.२७. ठिपक्याची सरासरी चाल ६.३७ आणि सरासरी वेग ५, सायकलच्याच दिशेनं. चाल कोणाच्या नजरेतून मोजली तेही सांगावं लागतं.

भिंगरी
लेक आता हा धागा माझ्या खांद्यावरून वाचते. तिनं भिंतीवरचं घड्याळ खाली उतरवून सेकंदकाटा मोजला. मध्यापासून टोकापर्यंत १० सेंटीमीटर, म्हणून टोकाची चाल ६२.८ ÷ ६० = १.०५ सेंटीमीटर प्रति सेकंद. अर्ध्या मिनिटातला सरासरी वेग २० ÷ ३०, ०.६७. हे तिचं तिनं केलं, मी फक्त घड्याळ धरलं होतं.

मग तिनं दोन प्रश्न विचारले. एक, काटा टिकटिक करत उड्या मारतो, बराच वेळ उभाच असतो, तरी १.०५ म्हणायचं का? दोन, काट्याला मागच्या बाजूला ३ सेंटीमीटरची शेपटी आहे. ती पण ६० सेकंदांतच फिरते, तर तिची चाल तेवढीच का नाही?

जुना मास्तर
एक: म्हणायचं. सरासरीला मधल्या उड्यांशी देणंघेणं नाही, फक्त एकूण अंतर आणि एकूण वेळ. दोन: दोघांची कोनीय चाल सारखीच, सेकंदाला ६ अंश. पण शेपटीचा परीघ लहान, १८.८५ सेंटीमीटर, म्हणून ०.३१.

भिंगरी
तिनं ०.३१४ लिहिलं होतं. म्हणते, मास्तरांनी शेवटचा अंक का खाल्ला?